नाकेदार काकांची तिखाडी

मारोतराव नाकेदार नव्या माणसाला नाव विचारत नसत. लघवीचा रंग विचारत.

जामच्या शाळेत बदली होऊन आलो त्या दिवशी मी ट्रकमधून पलंग उतरवत होतो. माझी बायको सुमन दाराच्या गंजलेल्या कुलपाशी झटापट करत होती. तेवढ्यात शेजारच्या कमरेएवढ्या भिंतीवरून एक लांबलचक नाक पुढे आलं. नाकामागून यथावकाश माणूस आला. अंगात बंडी, खाली खाकी हाफपँट, डोळे बारीक केलेले.

"नवे मास्तर का? बरं झालं. पिवळी होते का पांढरी?"

"काय?"

"लघवी."

पलंगाचा खूर माझ्या हातातच राहिला. माणसाचा आवाज सरकारी होता आणि सरकारी आवाजाला उत्तर द्यायची मला सवय आहे. मी म्हणालो, "पिवळसर."

"शंका आहे," ते म्हणाले आणि भिंतीआड गेले. सुमन दोन दिवस हसत होती. मी मात्र दोन दिवस पाणी जास्त प्यायलो.

मारोतराव जंगल खात्यात नाकेदार होते. तीस वर्षं त्यांनी जंगलाच्या नाक्यावर बसून बैलगाड्या अडवल्या. गाडीत वर गवत आणि खाली चोरीचं सागवान, हे तीस वर्षं पाहिल्यावर माणसाचा कशावर विश्वास राहणार? निवृत्त होऊन जामला घर बांधलं तरी नाका काही डोक्यातून गेला नाही. दूधवाला आला की चरवीत बोट बुडवून बोटाचा वास घेत. पोस्टमननं पत्र दिलं की आधी ते उजेडात धरत. कुणी गोड बोलायला लागलं की ठरलेलं वाक्य येई, "वरचं गवत नका दाखवू. खाली काय आहे ते सांगा."

आणि नाक तर असं, की त्याला वेगळा पगार द्यायला हवा होता. मी शाळेतून आलो की भिंतीपलीकडून सांगत, "आज हेडमास्तरच्या घरचा चहा प्याले वाटते. अद्रकीचा वास येऊन राह्यला." दर वेळी खरं निघे. मला ते आवडत नसे. शेजाऱ्याला आपलं किती कळावं, यालाही काही मर्यादा आहे.

आता तिखाडीचं सांगतो. तिखाडी म्हणजे आपल्याकडे बरड जमिनीवर, डोंगराच्या उतारावर उगवणारं सुवासिक गवत. त्याचं तेल काढतात. जंगलात ठेकेदारांच्या भट्ट्या लागत त्या मारोतरावांनी, म्हणजे आमच्या काकांनी, पाहिलेल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास गवत फुलावर आलं, की ते कुठून कुठून भारे आणत. मागच्या अंगणात तांब्याचा मोठा डेग, त्यात गवत आणि पाणी, झाकणाला कणकेचा लेप, वरून निघालेली नळी पाण्यानं भरलेल्या ड्रममधून खाली बाटलीत. थेंब थेंब पाणी पडे आणि त्यावर पिवळसर तेलाचा पदर जमे. गुलाब आणि सुंठ एकाच वेळी हुंगल्यासारखा वास आख्ख्या आळीत पसरे.

काकांचं म्हणणं, हे तेल गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, राखतं. आतली सूज उतरवतं, गुर्दा गळू देत नाही. पुरावा विचारला तर म्हणत, "तिखाडीच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या पायावर कधी सूज पाह्यली का? मी तीस वर्षांत नाई पाह्यली." मी एकदा म्हणालो, "काका, ती माणसं दिवसभर उपाशीपोटी डोंगर चढत. सुजायला अंगावर काही हवं ना?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या गाडीत सागवान सापडलं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारूबंदीच्या जिल्ह्यात मागच्या अंगणात डेग, नळी आणि बाटली घेऊन बसलेल्या माणसाबद्दल लोकांना काय वाटेल ते सांगायला नको. नागपूर-हैदराबादचे ट्रक जामच्या चौकात थांबत, आणि एखादा कंबर धरून उतरलेला ड्रायव्हर काकांकडे तेल न्यायला येई. मग तर खात्रीच. शेवटी पोलिसांचा एक जमादार आला.

"नाकेदार, हे काय आहे?"

"तेल."

"वरचं गवत नका दाखवू," जमादार म्हणाला. काकांचं वाक्य तोवर गावभर झालं होतं.

काका म्हणाले, "हुंगून पाहा." जमादारानं हुंगलं. त्याला जास्तच शंका आली, कारण वास चांगला होता. त्यानं बाटलीचं बूच भरून तोंडात ओतलं. मग जो काही उडाला! डोळ्यांत पाणी, कानांतून वाफा, दोन तांबे पाणी. पण खरी गंमत पुढे झाली. दोन दिवस त्याला गुलाबाच्या ढेकरा येत राहिल्या आणि बायकोनं विचारलं, हा अत्तराचा वास कुठला? तिसऱ्या दिवशी जमादार बायकोला घेऊन काकांच्या अंगणात हजर. "नाकेदार, हिले डेग दाखवा. अन् सांगा, मी इथं काय प्यालो ते." काकांनी तिला सगळं दाखवलं आणि शेवटी विचारलं, "बाई, तुमची पिवळी होते का पांढरी?"

हा प्रश्न काका सगळ्यांना विचारत आणि नुसतं विचारून थांबत नसत. त्यांच्याकडे काचेची एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि आंबट सिरक्याची बाटली होती. सरकारी दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं त्यांना शिकवलं होतं. लघवी नळीत घ्यायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा. पांढरं धरलं तर सिरक्याचे दोन थेंब टाकायचे. विरघळलं तर नुसता खार. नाही विरघळलं, दह्यासारखं राहिलं, तर गुर्दा गळतोय. काका गावात बाटल्या वाटत आणि सकाळी गोळा करायला जात. नेमकं त्या वर्षी नसबंदीचं वारं सुटलेलं. आज लघवी मागतो, उद्या काय मागेल, म्हणून काका दिसले की बाप्ये दारं लावून घेत. एकानं तर बैलाची भरून दिली. काका ती तापवून त्याला म्हणाले, "तुले शिंगं फुटून राह्यले."

इतका वेळ मी हसतच होतो. आणखी एक माणूस त्या घरात होतं, त्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

गिरजाकाकू. काकांच्या पत्नी. सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला असे, संध्याकाळपर्यंत सूज पायांत उतरे. दोन पावलं चालल्या की बसत. ही सगळी भट्टी, नळी, सिरका त्यांच्यासाठी होता. गावाची तपासणी ही वरची गवताची पेंढी. खाली काकू होत्या. हे मला कळायला वर्ष लागलं, याची आज लाज वाटते.

रोज सकाळी काकू लहान बाटली देत. काका अंगणात बसून ती तापवत. रोज पांढरं धरे. मग काका एका बताशावर तिखाडीचे दोन थेंब टाकून काकूंना खायला देत आणि स्वतः न जेवता कुठेतरी निघून जात. असं सात-आठ महिने चाललं. बताशे वाढले, थेंब दोनाचे चार झाले, पांढरं काही हटेना. काका थेट तिखाडीवरच शंका घेऊ लागले. गवत बदललं, डेग चिंचेनं घासून काढला, पाणी दुसऱ्या विहिरीचं आणलं. सुमन म्हणाली, "काका खंगले हो. दुखणं काकूंचं आणि वाळतायत हे."

आणि एका सकाळी भिंतीपलीकडून काकांची आरोळी आली. "साफ! गिरजे, साफ आहे! पाण्यावानी!"

मी धावत गेलो. काकांनी नळी माझ्या नाकाशी नाचवली. खरंच नितळ होती. दुसऱ्या दिवशीही नितळ. तिसऱ्या दिवशीही. काका जेवायला लागले. काकू दारात बसून त्यांच्याकडे बघत हसत. गावात बातमी गेली, की नाकेदाराच्या तेलानं बायकोचा गुर्दा धरला. ज्यांनी दारं लावून घेतली होती ते आता बाटल्या घेऊन रांगेत उभे.

मला मात्र शंका आली. काकांच्या शेजारी राहून ती लागतेच. काकूंच्या पायांची सूज तशीच होती. ती मी डोळ्यांनी पाहत होतो. शिवाय आमच्या घरात एक वेगळीच भानगड दिसू लागली होती. मी दाढी करत असताना सुमन पदराखाली काहीतरी घेऊन भिंतीपाशी जाई, काकूंच्या हातात देई आणि रिकाम्या हातानं परत येई.

"काय देतेस गं?"

"काही नाही. बायकांचं असतं काहीतरी."

मला वाटलं, रॉकेल. रेशनवरचं रॉकेल त्या काळी तुपासारखं जपावं लागे. मी गुपचूप डब्यावर पेन्सिलीनं खूण केली. पातळी जागची हलली नाही. मग तुपाच्या बरणीवर खूण केली. तेही जागचं हललं नाही. मग मी विचार करणं सोडलं, कारण घरात आणखी मोजण्यासारखं काही नव्हतं.

दरम्यान सुमनला दिवस गेले. लग्नानंतर चार वर्षांनी. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं दुखू लागलं. सुईण म्हणाली, गर्भारपणात सुजतातच. शेजारणी म्हणाल्या, मुलगा आहे. मी निर्धास्त झालो.

एका सकाळी साडेसातला काकांचं नाक भिंतीवर आलं. हातात नळी होती.

"मास्तर, इकडं या. हळू."

मी गेलो. नळीच्या वरच्या अंगाला दही धरल्यासारखं पांढरं होतं.

"सिरका टाकला. गेलं नाई," काका म्हणाले.

"काकूंचं पुन्हा सुरू झालं का?"

"हे तुमच्या काकूचं नाई. सूनबाईचं आहे."

"कुठल्या सूनबाईचं?"

"तुमच्या घरच्या. सुमनचं."

आपल्या बायकोची लघवी शेजाऱ्याच्या हातात पाहून नवऱ्यानं नेमकं काय म्हणावं, याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. मी लाल झालो. "काका, ही कुठली थेरं? तिची तुमच्याकडे आलीच कशी?"

"ते मंग सांगतो. आधी सांगा, तिचं डोकं दुखून राह्यलं का? डोळ्याईपुढं अंधारी येते का?"

येत होती. कालच ती म्हणाली होती आणि मी लिंबूसरबत घे म्हणालो होतो.

"मास्तर, तिले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. कंपाउंडरनं मले सांगितलं होतं, पोटुशी बाईचं पांढरं धरलं त उद्यावर टाकाचं नाई. झटके येतात. माय बी जाते, लेकरू बी जाते."

तेवढ्यात घरातून काकूंचा थकलेला आवाज आला. "अहो, काय निघालं जी आज?"

काका वळलेदेखील नाहीत. ते दही धरलेली नळी डोळ्यांसमोर धरून, माझ्याकडे बघत, खणखणीत आवाजात म्हणाले, "साफ आहे! पाण्यावानी!"

चौकात हिंगणघाटकडे निघालेला ट्रक काकांनी हात आडवा करून थांबवला. तीस वर्षं गाड्या अडवलेला हात होता तो, ड्रायव्हरनं मुकाट ब्रेक मारला. दवाखान्यात डॉक्टरांनी सुमनचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि चेहराच बदलला. तिला लगेच आत घेतलं. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी दोन-चार दिवस घरी राहिली असती तर मी काही सांगू शकलो नसतो. लघवी कुणी तपासली?"

मी काकांकडे बोट दाखवलं. काका बाकाखाली काहीतरी शोधत असल्यासारखे वाकून बसले.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, सुमनची बाटली तुमच्याकडे आलीच कशी? काका सरळ होऊन बसले.

"मास्तर, तिखाडी पोटात गेली का लघवीले तिखाडीचा वास येते. लपत नाई. ज्या दिवशी पह्यल्यांदा साफ निघालं, त्या दिवशी नळीले वास होता मेथीचा. आमच्या घरी बिनमिठाचं वरण. मेथी शिजली होती तुमच्या घरी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मी नाकेदार आहे."

"आणि तरी ओरडलात, साफ म्हणून?"

"वळून पाह्यलं त गिरजा दारात उभी. किती महिन्यांनी उभी होती. माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, मी काय म्हणतो म्हणून." काकांनी डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक पुसलं. "जलमभर ज्याच्या त्याच्या गाडीतलं गवत उचकून पाह्यलं. तिच्या गाडीतलं नाई उचकू शकलो."

पण काका स्वस्थ बसले नव्हते. मोरीतून काकूंची खरी लघवी गुपचूप बाटलीत घेऊन ते एकटे वर्ध्याला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. नंतर काहीतरी निमित्त काढून काकूंनाही दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुर्दे बरेचसे गेलेत. मीठ बंद ठेवा, या गोळ्या द्या. बाकी आमच्या हातात फारसं नाही. काकांनी तेलाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, चोळायचं तर चोळा, पोटात देऊ नका. थकलेल्या गुर्द्यावर ते आणखी ओझं.

"सात-आठ महिने मीच ओझं टाकून राह्यलो होतो, मास्तर," काका म्हणाले. "राखतो म्हणून."

या माणसाला मी इतके दिवस विदूषक समजत आलो होतो. त्याच्या हाताला हात लावायचीही माझी हिंमत झाली नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून तेल बताशावर पडतच नव्हतं. काका ते पुडीच्या कागदाला लावत आणि कोरडा बताशा काकूंच्या हातावर ठेवत. वासापुरती तिखाडी. उरलेलं तेल रोज संध्याकाळी काकूंच्या पावलांना चोळत.

सुमनला मुलगी झाली, वजनानं जरा कमी, पण आवाजानं भरपूर. दोघी तीन महिन्यांसाठी पुलगावला माहेरी गेल्या. जाताना सुमन मला एक बाटली देऊन म्हणाली, "आता तुम्ही." तिच्याकडूनच कळलं, की ही युक्ती काकूंची. काकू तिला म्हणाल्या होत्या, "पोरी, रोज सकाळी यायचं, तुह्या काकाचं, तोंड पाहवत नाई. माहं काय व्हायचं ते होईन. यायच्या पोटात घास जाऊ दे."

तर आता मी. शाळेचा मास्तर, सकाळी सातला इकडे तिकडे बघत भिंतीवर बाटली ठेवतो, काकू ती पदराखाली घेतात, मागच्या दारानं अंगणात नेऊन आपली म्हणून काकांना देतात, काका ती तापवतात आणि साफ म्हणून ओरडतात. पहिल्या दिवशी काका भिंतीशी येऊन हळूच पुटपुटले, "मास्तर, तंबाखू सोडा." मी सोडली.

थंडीत काकूंना उठवेना. बाटली आता मीच मागच्या दारानं त्यांच्या उशाशी ठेवू लागलो. एक दिवस काका गोळ्या आणायला गेले असताना त्यांनी मला आत बोलावलं. चेहरा इतका सुजला होता की डोळे शोधावे लागत.

"भाऊ, तुमाले एक सांगाचं होतं. बताशात तेल नाई."

मी दचकलो. "म्हणजे?"

"तिखाडी जिभेले झोंबते. किती महिने झाले, झोंबतच नाई. म्हंजे यायनं बंद केलं. म्हंजे यायले समजलं." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "यायच्या नाकापासून काई लपते का?"

"मग काकू, हे रोज सकाळी कशासाठी? तुम्हालाही माहीत, त्यांनाही माहीत."

काकू हसल्या. "उठल्या उठल्या ते माह्यासाठी खोटं बोलतात. एवढा शंकेखोर माणूस. कोणाले कधी 'ठीक आहे' म्हटलं नाई जलमात. अन् मले रोज आरोळी देऊन सांगतात. ते आयकाले मी सकाळची वाट पाहातो, भाऊ."

मग त्यांनी माझा हात धरला. हात गार होता आणि माझी बोटं रुतली तिथे खळगे राहिले.

"मी गेल्यावर बाटली लगेच बंद नका करजा. यायले सकाळी उठाले काईतरी पाह्यजे."

पंधरा दिवसांत काकू गेल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली भरली. भिंतीपाशी जाऊन दोनदा परत आलो. मेलेल्या बाईच्या नावानं बाटली ठेवायची, हे कुणाला शहाणपणाचं वाटेल? तिसऱ्यांदा गेलो आणि ठेवली.

बऱ्याच वेळानं काका आले. बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार, खाली काय आहे म्हणून. त्यांनी विचारलं नाही. बाटली उचलली, अंगणात नेली आणि दिवा पेटवला.

त्यानंतर तीन वर्षांनी माझी बदली झाली. तोवर एक सकाळ चुकली नाही. मी कुणासाठी ठेवतो हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ठेवायला कुणी सांगितलंय हे मीही त्यांना सांगितलं नाही.